तात्यांच्या हातचं

तात्यांनी तोंड फिरवलं आणि चमच्यातली पेज हनुवटीवरून गळ्याशी बांधलेल्या फडक्यावर ओघळली. शालननं ती पुसली, चमचा पुन्हा वाटीत बुडवला. पण तात्यांनी डावा हात उचलून वाटीच बाजूला सारली. रागानं नव्हे. आपल्या कामाची नसलेली वस्तू माणूस सरकवून ठेवतो, तशी.

"दोन घास तरी घ्या, तात्या," शालन म्हणाली. तात्या अंगणाकडे बघत राहिले.

चैत्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पायात पुढं थोडा जीव आला. काठी आणि शालनचा खांदा धरून ते मोरीपर्यंत जाऊ लागले. हात मात्र लोंबताच राहिला आणि तोंडातून ‘अं’ आणि ‘हां’पलीकडे काही फुटेना. आता दिवाळी होऊन गेली होती आणि त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. पिंपरीच्या डॉक्टरांनी शालनला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की औषधानं व्हायचं ते झालं. आता हे खात नाहीत हाच आजार. खाल्लं तर राहतील.

शालन पस्तिशीची होती. पिंपरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती, पहिल्या शिफ्टला. सासरी मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा तात्याच सायकल घेऊन तिला आणायला गेले होते. तिची पेटी हँडलला बांधली, तिला मागं बसवलं आणि भोसरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र तिच्या आईला एवढंच म्हणाले होते, "हिला कुनी काय इचारायचं न्हाई." त्यानंतर खरंच कुणी काही विचारलं नाही.

भोसरीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, पुढं मोठं अंगण, कडेला एक जादा खोली. रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं होतं. पण कोंडीराम म्हणजे तात्या रानात राबले असे कधी नव्हतेच. पोरसवदा असताना ते देहूरोडच्या छावणीत अफसरांच्या मेसमध्ये भांडी घासायला लागले, पुढं जेवणाऱ्या साहेबांच्या पाठीशी उभं राहून वाढू लागले आणि तिथंच स्वयंपाकी होऊन निवृत्त झाले. आधी गोरे साहेब होते, मग आपले आले. भावकीत या नोकरीचं कुणी नाव काढत नसे. शेतकऱ्याच्या घरात जन्मून साहेबाचं खरकटं काढतो, कसलं कसलं मांस शिजवतो, असं लग्नकार्यात मागून बोललं जाई. त्यात शालनची आई अंबुबाई माळकरी. तिच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा फुटलं नाही. तात्या सायकलवरून आले की आधी विहिरीवर जात, अंघोळ करत, कपडे तिथंच बुचकळत आणि मग उंबरा ओलांडत. घरात आल्यावर भाकरी-पिठलं खात, ताट धुऊन ठेवत. तिथं काय रांधलं, कुणी काय म्हटलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. अंबुबाई जाऊन दोन वर्षं झाली तरी घरात तीच रीत चालू होती. जन्मभर स्वयंपाक केलेल्या माणसाच्या हातचा एक घासही त्याच्या घरच्यांनी खाल्ला नव्हता, आणि यात काही वेगळं आहे असं त्यातल्या कुणालाही वाटलं नव्हतं.

कडेच्या खोलीत सुरेंद्र भाड्यानं राहायचा. उस्मानाबादकडचा, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. त्या रविवारी त्यानं कोंबडीच्या तंगड्या आणल्या, खोलीमागं तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि जाळी टाकून वर तंगड्या ठेवल्या. ज्वाळा जाळीवर चढल्या. चरबी गळाली तशा आणखी भडकल्या.

तात्या अंगणात बाजेवर होते. वास आला तशी त्यांनी मान उचलली. मग काठी घेऊन बाजेच्या पायावर आपटायला सुरुवात केली. शालन आतून धावत आली. तात्या डाव्या हातानं सुरेंद्रकडे खुणा करत होते; हात खाली दाबल्यासारखा, पुन्हा पुन्हा.

"आक्का, काय सांगायलेत तात्या?" सुरेंद्रनं विचारलं. "वास सहन होईना का? इझवतो म्हणाव."

तात्यांनी जोरानं मान हलवली आणि शालनचा पदर ओढला. तिनं त्यांना उठवलं. तिच्या खांद्यावर भार टाकत ते विटांपर्यंत गेले, सुरेंद्रनं पुढं केलेल्या डब्यावर बसले आणि काठीनं जाळीच खाली पाडली. तंगड्या सुरेंद्रनं ताटलीत उचलून घेतल्या. तो हबकला होता, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार. तात्यांनी काठीनं लाकडं फोडून निखारे सपाट केले आणि हात वर धरला: थांबा. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत तिघंही बसून राहिले. मग त्यांनी शालनचं मनगट पकडलं आणि तिचा तळवा निखाऱ्यांवर धरला. तिला काही उमगेना. चटका सोसेना तेव्हा तिनं हात ओढला. तात्यांनी मान डोलावली. एवढीच धग हवी होती. अशा धगीवर जाळी उंच ठेवायची, हे त्यांनी आणखी दोन विटा दाखवून सांगितलं.

तंगड्या भाजून झाल्या तेव्हा बाहेरून तांबूस होत्या आणि आत रस होता. सुरेंद्रनं एक तात्यांपुढं केली. तात्यांनी शालनकडे पाहिलं. तिनं जन्मात मांसाला हात लावला नव्हता. तिनं नखानं बारीक बारीक धागे काढले आणि बापाच्या तोंडात घातले. तात्यांनी डोळे मिटून चावलं. पुन्हा तोंड उघडलं. जवळजवळ अख्खी तंगडी संपली.

त्या संध्याकाळी शालननं देवाजवळ दिवा लावला आणि आईच्या तसबिरीपुढं बराच वेळ उभी राहिली. तिनं मनाशी ठरवलं, की आईच्या चुलीला, आईच्या भांड्याला यातलं काही लागू द्यायचं नाही. अंगणाच्या पलीकडच्या कडेला वेगळा विस्तव, वेगळी भांडी. पण विस्तव करायचा.

पुढचे रविवार असे गेले. शालन सकाळीच बाजारात जाऊन सुरेंद्रनं सांगितलेल्या दुकानातून कधी कोंबडी, कधी कलेजी आणी. पहिल्यांदा कलेजी हातात घेतली तेव्हा ती मोरीशी जाऊन आली आणि पुन्हा बसली. सुरेंद्रनं वर्कशॉपमधून सळ्या घासून, टोकं काढून आणल्या. कलेजी किती मोठी कापायची हे तात्या अंगठ्याचं पेर दाखवून सांगत. कापणं चुकलं की काठी एकदा आपटत. बरोबर आलं की काहीच करत नसत. काठी शांत राहिली की शालनला कंपनीत सुपरवायझरच्या शाबासकीनं कधी झाला नव्हता असा आनंद होई.

एके दिवशी तात्यांनी राखेत काठीनं काहीतरी काढलं. एक खड्डा, त्यातून निघालेला लांब चर आणि शेवटी एक उभं पिंप. सुरेंद्र बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, की तात्यांना बहुतेक नवा संडास बांधायचाय. तात्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनी पुन्हा काठी उचलली, खड्ड्यात जाळ दाखवला, चरातून बोट फिरवत नेलं आणि पिंपाच्या वर हवेत वळणं काढली.

"धूर," शालन म्हणाली. "जाळ हितं, धूर तितं."

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला एकदम लहानपणची एक गोष्ट आठवली. तात्या संध्याकाळी सायकलवरून उतरत तेव्हा त्यांच्या कोटाला एक वास असे, गोडसर, जळक्या लाकडाचा. आई म्हणायची रेल्वेच्या कोळशाचा असेल. देहूरोडला गाड्या थांबतात ना.

सुरेंद्रनं मालकाला सांगून एक रिकामं पिंप आणलं. आत लाकडं पेटवून तेलाचा वास पार जाईपर्यंत ते जाळून घेतलं, तळ कापला, वर आडव्या सळ्या बसवल्या आणि झाकण केलं. शालननं खड्डा खणला, चर खणला, त्यावर फरश्या टाकून माती लिंपली. पहिल्या खेपेला शेजारी तोडलेल्या कडुनिंबाची लाकडं आयती पडली होती तीच तिनं जाळली. कोंबडी दिसायला सोन्यासारखी झाली. तात्यांनी तोंडात घातली आणि थुंकून टाकली. विषासारखी कडू. शालनचा चेहरा पडला. तात्यांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं ठसका लागला, ती पाणी घेऊन धावली, तर ते हसत होते. वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

पुढच्या वेळी त्यांनी काठीनं पेरूच्या झाडाची वाळकी फांदी दाखवली आणि कोपऱ्यातली मक्याची दाणे काढलेली कणसं. हा धूर पातळ होता, डोळ्यांना न झोंबणारा. तेव्हा मरळ मासा लावला होता, इंद्रायणीतला. त्याला आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचं होतं. मीठ किती, हे विचारल्यावर तात्यांनी बोटांचा गोल करून अंडं मागितलं. शालनला वाटलं खायला हवं असेल. त्यांनी ते डाव्या हातानं पातेल्यात सोडलं. अंडं तळाला गेलं. त्यांनी मिठाच्या डब्याकडे बोट केलं. ती मूठमूठ घालत ढवळत राहिली, आणि अंडं हळूच वर येऊन तरंगलं तेव्हा तिच्या तोंडून "बया" असं निघून गेलं. मासा पाण्यातून काढल्यावर लगेच धुरात घालायचा नाही, वाऱ्यावर टांगून बोटाला चिकट लागेपर्यंत वाळू द्यायचा, हेही ती शिकली. त्या दिवशी तिनं स्वतः पहिल्यांदा एक तुकडा जिभेवर ठेवला. तात्यांपासून लपवून, पाठ करून. मग दुसराही घेतला.

तात्या आता इतर दिवशीही जेवत. भात, वरण, कुस्करलेली भाकरी. रविवारची वाट बघण्यासाठी अंगात बळ हवं, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं असावं. गालांची हाडं जरा झाकली.

समोरच्या घरी छबूकाकी राहत. अंबुबाईच्या जिवलग मैत्रीण, त्यांच्याही गळ्यात माळ. शालन कामावर गेली की तात्यांकडे त्याच बघत, म्हणून शालनला त्यांना दुखवायचं नव्हतं. पण धूर काही लपत नाही. त्यांनी चाकणला निरोप धाडला आणि एका संध्याकाळी भैरू येऊन उभा राहिला.

भैरू शालनचा थोरला भाऊ. चाकणच्या बाजारात त्याची कांद्याची अडत होती, स्वतःचा टेम्पो होता. तो पिंपाकडे बघत राहिला, मग आत येऊन बसला आणि चहाही न घेता बोलायला लागला. आईच्या घरात हे काय चाललंय, गावात काय तोंड दाखवायचं, आजारी माणसाला असलं खाऊ घालतात का, असं बरंच. शालननं त्याला चूल दाखवली, भांड्यांची मांडणी दाखवली. यातल्या कशालाही शिवले नाही, म्हणाली. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

"शाळंत मला काय म्हनायचे ठावं हाय तुला?" त्याचा आवाज खाली आला होता. "बटलरचं पोर. मास्तर सुदिक म्हनायचे. आता कुठं लोक इसरले, तर तू अंगनात मेस मांडलीस."

"मला बी म्हनायचे, दादा," शालन म्हणाली. "पन तात्या तितं काय करायचे, ते आपन कदी इचारलं का? तू न्हाई इचारलं, मी न्हाई, आईनं न्हाई. आता इचारलं तर त्यास्नी बोलता येत न्हाई."

तात्या आतल्या खोलीत पडून होते. दार उघडंच होतं. जाताना भैरूनं सांगितलं, की येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, तात्यांना चाकणला नेतो. तिथं घरात माणसं आहेत, चोवीस तास बघणारं कुणी आहे. भाऊ चूक बोलत नव्हता. ती दिवसभर कंपनीत असे आणि म्हातारे वडील परक्यांच्या भरवशावर, हे खरंच होतं.

रविवारसाठी बकऱ्याची मांडी आधीच सांगून ठेवली होती. आता नको म्हणावं का, असं तिच्या मनात आलं. पण शनिवारी तात्यांनी स्वतःच पातेल्याकडे बोट केलं. तिनं पाणी केलं, अंडं तरंगवलं, मांडी बुडवली. त्या रात्री तात्यांची धोतरं आणि बंड्या घडी घालून पेटीत भरल्या.

रविवारी उजाडताच तिनं जाळ केला. मांडी पिंपात टांगली, झाकण घातलं. धूर दाट झाला की हवा सोडायची, पांढरा झाला की फांदी काढून कणसं घालायची, पिंपाला तळवा लावून धग बघायची. आता काठीची गरज लागत नव्हती. तात्या बाजेवरून नुसते बघत होते. दुपार कलली तेव्हा टेम्पो आला. मोकळी पोती एका बाजूला सारून भैरूनं मागं गादी अंथरली होती. तो सरळ तात्यांकडे आला, पेटी उचलून टेम्पोत ठेवली आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकला. त्याच वेळी, भावाला घाई आहे म्हणून, शालन पिंपाचं झाकण उचलायला गेली.

"थांब."

जड, घोगरा, पण स्पष्ट. शालनचा हात झाकणावरच राहिला. भैरू वाकलेला तसाच थांबला. सुरेंद्र दारात आला. कुणाला सांगितलं हे बहीण-भावांपैकी कुणालाच कळलं नाही. तात्या कुणाकडेच बघत नव्हते. पिंपाच्या फटीतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते.

भैरूनं हात काढून घेतला. बाजेच्या कडेला तो हळूच टेकला. बापलेक शेजारी शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं तात्यांनी पुन्हा म्हटलं, "थांब," आणि भैरू म्हणाला, "व्हय तात्या, थांबलोय." सुरेंद्रनं सांगितलं, की त्याची पहिली शिफ्ट सुटून आता कायमची दुसरी लागली आहे, सकाळभर तो खोलीवरच असतो, दुपारी तो गेल्यावर शालनआक्का येईपर्यंत छबूकाकी आहेतच. भैरूनं ऐकून घेतलं. मग उठून त्यानं टेम्पोतली पेटी काढली आणि आत नेऊन ठेवली, जणू मघाशी तीच चुकून जागेवरून हलली होती.

उन्हं कौलांवर गेली तेव्हा तात्यांनी मान हलवली. शालननं झाकण काढलं. मांडी गडद तांबूस झाली होती, आणि सुरी टेकताच हाडापासून सुटत होती. तिनं अंगणात पोतं अंथरलं, पत्रावळी मांडल्या. भैरूला वाढावं की नाही याचा तिला पेच पडला. तो आपण होऊन सुरेंद्रशेजारी मांडी घालून बसला.

"माझ्या घरी बी एक पुडी बांध," तो खाली बघत म्हणाला. "पोरं खातील."

तिनं तात्यांची पत्रावळ उचलून बाजेकडे नेली. पण तात्यांनी ती घेतली नाही. त्यांनी काठी रोवली आणि उठायला लागले. शालन खांदा द्यायला पुढं झाली, तर त्यांनी तिला पत्रावळीकडे बोट दाखवलं: बस. जेव.

ती बसली. तात्या काठीवर रेलून उभे राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं धोतराचा सोगा सरळ केला, लोंबणारा उजवा हात उचलून पोटाशी घेतला आणि पाठ ताठ केली. पाय थरथरत होता. भैरू अर्धवट उठला.

"ऱ्हाऊ दे, दादा," शालन म्हणाली.

तिघं जेवायला लागली. तात्या दोन पावलं मागं, जेवणारांच्या पाठीशी उभे होते, आणि कुणाची पत्रावळ रिकामी होतेय ते बघत होते.